माझी कापलेली चौदा पानं

मी कादंबरी बोलतेय, आणि माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मुखपृष्ठावर धुक्यातलं शेतघर, खिडकीत बाई, झाडाआड पुरुष. मागे ठळक अक्षरांत 'श्रद्धा, प्रेम आणि थरार'. छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा मलाही ते खरं वाटलं होतं.

माझी गोष्ट साधी आहे. शहराला कंटाळलेली नायिका खेड्यातल्या विश्रामगृहात येते. एकजण तिचा पाठलाग करतो, तिची पत्रं फोडतो, दाराबाहेर उभा राहतो. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला. शेवटच्या प्रकरणात कळतं की तो तिचं रक्षण करत होता. मग तीच त्याची माफी मागते, देवाचे आभार मानते आणि लग्न करते. लिहिणाऱ्याला लाज वाटली नाही, मला वाटते.

मला विकत घेतलं मावशींनी. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं सहा खोल्यांचं विश्रामगृह आहे. दमलेली माणसं येतात, आठ दिवस लोळतात आणि जाताना पुस्तकं ढापतात. चांगली शिकलेली माणसं बरं का, टॉवेलला हात लावणार नाहीत, पण पुस्तक बॅगेत. म्हणून मावशींनी युक्ती काढली. प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण ब्लेडनं कापून कचेरीच्या कपाटात ठेवायचं. पुस्तक परत द्या, मग शेवट तिथंच बसून वाचा. माझी चौदा पानं गेली. तेव्हापासून मी त्या बाईच्या नावानं बोटं मोडत होते.

वाचकही एकेक नमुने. कुणी मला आंघोळीला नेलं, कुणी कोपरे दुमडले. एका वकिलानं आठवडाभर माझ्यावर चहाचा कप ठेवला, वाचलं मात्र एक पानही नाही.

मग तीन नंबरच्या खोलीत एक शिक्षिका आली. लग्न ठरलेलं, फोन बंद, पत्ता फक्त एका मैत्रिणीला ठाऊक. पत्रं फोडण्याच्या प्रसंगाशी ती दोनदा थांबली. "हाही माझे मेसेज वाचतो," असं स्वतःशीच म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा होणारा नवरा हजर. मैत्रिणीच्या डोक्यावर बसून त्यानं पत्ता काढला होता. बाहेरच्या खोलीत मावशींना हसत सांगत होता, "काळजी वाटते हो तिची. जीव आहे माझा तिच्यावर." माझा नायक अगदी असाच बोलतो. मला शिसारी आली.

मावशी उठून कचेरीत आल्या, तर शिक्षिका मला छातीशी धरून तिथं उभी. चेहरा पांढराफटक.

"मावशी, शेवट द्या ना. तो माणूस चांगला निघतो का, तेवढंच बघायचंय."

"तुला काय वाटतं?"

"चांगला निघावा. म्हणजे मला बाहेर जाऊन त्याला सॉरी म्हणता येईल."

मावशींनी माझा शेवट तीनदा वाचला होता. मी मनात म्हटलं, द्या आता, बसवा पोरीला त्याच्या गाडीत.

मावशींनी कपाटाला हातही लावला नाही. चष्मा काढून पदरानं पुसला.

"मारतो तिला," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत ती बिचारी सॉरीच म्हणत असते."

शिक्षिका खुर्चीत बसली आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन बाहेर गेली. "मी येत नाही. लग्नही करणार नाही," एवढंच म्हणाली. त्यानं आधी समजावलं, मग आवाज चढवला. मावशी आणि माळीकाका तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. गाडी रिकामीच परत गेली.

दुपारी मावशींनी माझी चौदा पानं पाणी तापवायच्या चुलीत घातली. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

मी अजून त्याच फळीवर आहे. तुमच्या हाती लागले तर एवढं ऐका. शेवट मागायला कचेरीत जाऊ नका. तो पत्रं फोडतो ना, तिथंच मला मिटा.