बाबांचा पाट, चिमणीच्या नावावर

मी एक जुना, बुटका लाकडी पाट आहे. माझ्यावर कुणी बसत नाही, फक्त पाय ठेवतात. माझं काम संडासात, कमोडच्या पुढ्यात. हसलात ना, मित्रांनो? हसा. माझ्या दुःखाची सुरुवातही अशाच एका हसण्यापासून झाली.

एका म्हाताऱ्या सुताराने मला आपल्या जावयासाठी बनवलं. जावई बस चालवायचा आणि त्याला बद्धकोष्ठतेचा त्रास होता. फेरी अर्धवट सोडून उतरता येत नाही, म्हणून तो कामावर पाणीच प्यायचा नाही. पहाटे पोटाने हाक दिली, तरी "आल्यावर बघू" म्हणून निघायचा. त्याच्या डेपोत या गोष्टीचा चक्क अभिमान होता. "ज्याची बस आणि पोट दोन्ही ताब्यात, तोच खरा ड्रायव्हर," असं ते एकमेकांना सांगत.

पोट असं कुणाच्या ताब्यात राहत नाही. आतड्यात मळ जितका अडून राहतो, तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. तो सुकतो, कडक होतो, बाहेर पडताना दुखतं. मग दुखण्याच्या भीतीने माणूस आणखी अडवून धरतो.

शेजारी एक निवृत्त नर्समावशी राहत. त्यांनी ड्रायव्हरला चांगलंच फैलावर घेतलं. "इंजिनात पाणी घालतोस ना वेळेवर? मग पोटाने तुझं काय घोडं मारलंय?"

त्यांनी सांगितलं ते सगळं साधं होतं. पाणी दिवसभर थोडंथोडं प्यायचं. फळं सालीसकट, पीठ कोंड्यासकट. पालेभाज्या आणि डाळी हळूहळू वाढवायच्या, एकदम नाही, नाहीतर पोट फुगतं. रोज चालायचं. नाश्त्यानंतर आतडी आपणहून हलू लागतात, तेव्हा घाई न करता बसायचं, आणि हाक आली की टाळायची नाही. शिवाय पायांखाली काहीतरी घ्यायचं. गुडघे कमरेच्या वर आले, की आतड्याचं शेवटचं वळण सरळ होतं आणि कुंथावं लागत नाही.

"काहीतरी" म्हणजे मी. सुताराने कपाटाच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं, पायांना टोचू नये म्हणून माझ्या कडा गोल केल्या.

काही आठवड्यांत ड्रायव्हरचा चेहरा बदलला. "तू माझा खरा कंडक्टर," तो मला म्हणायचा. "तू घंटी दिलीस, की आपली गाडी सुटली!" त्याची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, तीही माझ्यावर पाय ठेवू लागली. तिला कसलाच त्रास नव्हता. तिचे पाय लोंबकळायचे, एवढंच. "बाबा, आटपा ना! आज तुम्ही शेवटच्या स्टॉपपर्यंत जाणार का?" असं ती बाहेरून ओरडायची. आतून हसू यायचं. ते दिवस मला फार आवडायचे.

एका सुट्टीच्या दिवशी डेपोतले मित्र घरी आले. त्यांतले मिशीवाले काका संडासातून बाहेर आले ते मला हातात धरूनच.

"काय रे, हे कसलं सिंहासन?"

सगळे खो खो हसले. मला काळजी वाटली नाही. ज्याचा मी कंडक्टर होतो, तो माझी ओळख करून देणारच होता.

"माझं कशाला असेल?" ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या चिमणीचं आहे. तिचं पोट साफ होत नाही ना."

चिमणी फळांची बशी घेऊन दारातच उभी होती. "अरेरे, बिचारी!" कुणीतरी म्हणालं. तिने बशी टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली.

संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, मला कधी त्रास होता?"

"अगं, गंमत केली. एवढं काय मनावर घेतेस?"

मिशीवाल्या काकांची मुलगी तिच्याच वर्गात होती. शाळेत चिमणीला 'महाराणी' म्हणून चिडवू लागले. मुतारीकडे जाताना कुणी बघू नये, म्हणून तिने शाळेत पाणी पिणं सोडलं. घरीही हाक आली की ती दाबून धरायची. मला तर तिने पायही लावला नाही. "नकोच ती कटकट," म्हणत ड्रायव्हरने मला माळ्यावर टाकलं. त्याने मला विसरावं, हे मी सोसलं असतं. पण त्याचं खोटं आता खरं झालं होतं, आणि बंद दारामागचं चिमणीचं रडणं मला वरपर्यंत ऐकू यायचं.

शेवटी आईने नर्समावशींना बोलावलं. त्यांनी आधी चिमणीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सौम्य औषध दिलं. "औषधाने आजची वाट मोकळी होईल," मावशी म्हणाल्या, "उद्याची मात्र तुझ्या ताटात, ग्लासात आणि सवयीत आहे. आणि पाट कुठाय?"

"मला नको तो," चिमणी म्हणाली. "ज्याचा आहे, त्याने आधी सगळ्यांना सांगू दे."

"सांगेन गं," ड्रायव्हर पुटपुटला.

पुढच्या वेळी मित्र जमले, तेव्हा मी माळ्यावरून बघत होतो. चिमणीही मुद्दाम समोर बसली होती.

"काय महाराणी, सिंहासन काय म्हणतंय?" मिशीवाल्या काकांनी विचारलंच.

ड्रायव्हरने खिडकीकडे पाहिलं. एकच वाक्य बोलायचं होतं, मित्रांनो! त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो पीतच राहिला.

"सिंहासन ह्यांचं आहे," आई म्हणाली. "माझ्या वडिलांनी ह्यांच्यासाठीच बनवलंय. चिमणीचं पोट ठणठणीत होतं, तुम्ही सगळे हसेपर्यंत."

 मग मिशीवाल्या काकांनी आवाज खाली आणला. "वहिनी... तुमचे वडील अजून एक बनवून देतील का?"

"दोन सांगा," दुसरा म्हणाला.

म्हणजे सगळ्यांचीच पोटं अडलेली होती, आणि त्यांनी हसायला मात्र एक लहान मुलगी निवडली होती.

मला खाली काढलं गेलं. चिमणी आता पाणी पिते, सालीसकट फळं खाते, दप्तर टाकलं की खेळायला पळते आणि हाक आली की उठते. हळूहळू तिचं दुखणं थांबलं. पण खरं बाहेर आलं ते बाबांच्या तोंडून नाही, हे ती विसरलेली नाही. मीही नाही.

मित्रांनो, पोट सगळ्यांना आहे आणि ते सगळ्यांचंच कधी ना कधी अडतं. त्याची हाक दाबू नका. आणि लाज वाटलीच, तर ती स्वतःजवळ ठेवा, आपल्याहून लहान माणसाच्या नावावर टाकू नका.

आता मी संडासात राहत नाही. काम झालं की चिमणी मला धुऊन, पुसून आपल्या खोलीत नेते आणि दार लावून घेते. नाश्ता झाला की ड्रायव्हर दारावर टकटक करतो.

"चिमणे, पाट दे गं."

"कुणाला हवाय?"

पहिल्या दिवशी तो बराच वेळ दाराबाहेर नुसता उभा राहिला होता. आता एवढा वेळ लागत नाही.

"मला," तो म्हणतो.

"मोठ्याने."

"मला हवाय!"

मग ती दार उघडते.