विश्वास किती, एक ते पाच

ती चष्मेवाली विद्यापीठातून आली तेव्हाच मला शंका आली होती. मटणाच्या दुकानात अकरा पानांचा फॉर्म घेऊन कोण फिरतं? म्हटलं, ही नक्की त्या नव्या सुपरमार्केटची हेर.

"काका, मी हलाल ग्राहकांवर प्रबंध लिहितेय," ती म्हणाली. तिच्या विभागात म्हणे आता निम्मी पोरं हलालवरच बसलीत. हलाल साबण, हलाल लिपस्टिक, हलाल हॉटेलं. "या विषयाला सध्या खूप वाव आहे." असेल बाई. आमचं पोट त्याच्यावर चालतं, तुमचंही चालू दे.

तेव्हाच हाकलायला हवं होतं. पण बायको आतून म्हणाली, पोर उन्हात उभी आहे, बसू दे तिला. बसवली. शुक्रवारच्या गर्दीत स्टूल टाकून तिनं सत्तर जणांना गाठलं. तुमच्या खाटकावर विश्वास किती, एक ते पाच? सगळ्यांनी पाच दिले. माझी छाती फुगली. पुढचा प्रश्न, हा विश्वास कशावरून? तिथं निम्म्यांनी खूण केली, 'कधी विचार केला नाही'.

झालं! लागले ना मग लोक विचार करायला.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली म्हातारी खाला आली. एकोणीस वर्षांपासूनचं माझं गिऱ्हाईक, माझं पहिलंच. "बाळा, रागावू नकोस, पण हे कापतं कोण?"

"चाचा. दुसरं कोण?" सत्तूर मी जरा जोरातच आपटला. चाचा म्हणजे आमचा घाऊक व्यापारी. वडील गेल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली, तेव्हा पहिला माल त्यानंच पाठवला होता.

"तू पाहिलंयस?"

"त्यात काय पाहायचंय?"

खाला पिशवी उचलून गेली. पण मी खरंच पाहिलं नव्हतं. माल चाचाच्या कत्तलखान्याच्या दाराशीच मिळायचा, त्या पत्र्याच्या दारापलीकडे मी कधी पाऊलच टाकलं नव्हतं. डोक्यात भुंगा शिरला. चाचाचे हात हल्ली थरथरतात. नवी माणसं ठेवलीत, ती कोण? गेल्या महिन्यात माल एवढ्या लवकर कसा आला? चार दिवस घास गोड लागेना.

पाचव्या दिवशी सकाळी गेलो. चाचानं माझं तोंड पाहिलं आणि दार उघडलं. जनावर एकेकटं नेत होते, दुसऱ्याला दिसणार नाही असं. सुरी धारदार. प्रत्येक वेळी अल्लाहचं नाव, खणखणीत. हात थरथरतात म्हणून चाचा स्वतः कापत नव्हता, माणसं शिकवून तयार केली होती आणि शेजारी उभा राहत होता. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पटलं?"

"चाचा, चुकलं माझं."

"गिऱ्हाइकानं विचारावं, त्याचा हक्कच आहे. पण तू माझं गिऱ्हाईक कधी होतास रे?" त्यानं दार लावून घेतलं. "उद्यापासून गाडी पाठवू नकोस."

हाता-पाया पडलो. ऐकेल तर शपथ.

आता मी दुसऱ्याकडून घेतो. त्याच्याकडे तीन शिक्क्यांचं प्रमाणपत्र आहे, आत कॅमेरे आहेत, न मागता सगळं दाखवतो. मी स्वतः उभा राहून पाहिलंय. मालात काडीची खोट नाही.

परवा खाला आली. "विचार केला मी. चाचा असल्यावर मला काही बघायचं नाही. चाचाचंच ना हे?"

दुकान भरलेलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो.

एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा खोटं बोललो, तेही अस्सल हलाल मटणाबद्दल.