तिसऱ्या कुलपाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी ओकची पेटी आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा चर्चमध्ये, उत्तरेकडच्या भिंतीला पाठ टेकून मी बसलेली असते. वादळात पडलेल्या झाडाचं खोड आतून कोरून मला बनवलं. झाकण इतकं जड की उचलायला दोन माणसं लागतात. त्याचा मला फार अभिमान होता, अजूनही आहे.

सुरुवातीला माझा थाट होता. रेशमी झगे, चांदीचा पेला, सणाच्या मेणबत्त्या माझ्या पोटात असत. मग राजाचं रोमच्या धर्मगुरूशी बिनसलं. अंमलदार आले, यादी करून चांदी घेऊन गेले. त्यानंतर माझ्या नशिबी फक्त राजाचे कागद आले.

राजाला आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. पण त्याचे राग-लोभ कागदावरून आमच्यापर्यंत पोहोचत. एका वर्षी फ्रान्सचा राजा त्याचा जिवलग झाला, म्हणून गावानं घंटा वाजवल्या आणि बिअर प्यायली. पुढे तोच फ्रान्सचा राजा वैरी झाला, म्हणून त्याच गावानं शत्रूची जहाजं दिसताच इशाऱ्याचा जाळ करता यावा यासाठी टेकडीवर काटक्या रचल्या. दोन्ही कागद माझ्या पोटात एकमेकांना चिकटून पडले आहेत.

मधल्या काळात आणखी एक हुकूम आला. गावातलं प्रत्येक लग्न, बाप्तिस्मा आणि दफन एका वहीत लिहायचं. वही पेटीत ठेवायची, पेटीला तीन कुलपं, आणि तीन किल्ल्या तीन माणसांकडे. पाद्री लॉरेन्स, पंच जेन्किन आणि पंच पास्को. तिघं एकत्र आल्याशिवाय मला उघडायचं नाही, अशी तिघांनी शपथ घेतली.

तिसरं कुलूप केलं इव्हॉन लोहारानं. हा समुद्रापलीकडचा, ब्रिटनीचा. फ्रान्सच्या राजाची प्रजा. मासेमारीच्या होडीतून आला आणि पास्कोच्या मुलीसाठी, टॅम्सिनसाठी इथंच राहिला. कुलूप त्यानं आपल्या लग्नाच्या सकाळी बसवलं. झाकणाच्या आतल्या लोखंडी पट्टीवर त्यानं एक हातोडा आणि एक मासा कोरला. हातोडा त्याची खूण, मासा पास्कोच्या घराण्याची. पाद्रीबाबांनी खडूनं साल काढून दिलं, तेही त्यानं छिन्नीनं खोदलं. पोलादाचे ते घाव मला अजून आठवतात. दुखले, पण आवडले.

त्या दिवशी लग्न लागलं, पण त्यानंतर वही काढायला मला कुणी उघडलं नाही. जेन्किन बाहेर बिअरच्या पिंपाशी होता. पास्कोनं पाद्रीबाबांना माझ्यापाशी गाठलं.

"लग्न लावलंत, ठीक. लिहायचं मात्र नाही."

"अरे, हुकूम आहे राजाचा!"

"म्हणूनच. आज नावं लिहून घेतात, उद्या नावागणिक कर लावतील. आणि त्या परक्याचं नाव माझ्या पोरीच्या नावाला कायमचं कशाला चिकटवायचं? उद्या पळून गेला तर?"

पाद्रीबाबा स्वभावानं भित्रे. त्यांनी ते लग्न लिहिलंच नाही. इव्हॉन आणि टॅम्सिन, दोघांनाही अक्षर येत नव्हतं. आपलं लग्न माझ्या पोटात सुखरूप आहे, असं ते धरून चालले. ती दर रविवारी जाताना माझ्या झाकणावरून हात फिरवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चार वर्षं गेली. त्यांना दोन मुलं झाली. मग युद्ध पेटलं आणि एका शनिवारी राजाचा अंमलदार गाडी घेऊन आला. गाडीत शेजारच्या गावांतले तीन ब्रिटनीचे लोक हात बांधून बसवले होते. फ्रान्सच्या मुलखात जन्मलेल्या सगळ्यांना दुपारच्या भरतीला जहाजावर चढवून हाकलून द्यायचं, असा हुकूम होता. सूट एकच. युद्धाच्या आधी इथल्या बाईशी लग्न झालं असेल आणि तसा पुरावा असेल, तर राहता येईल.

"पुरावा आहे ना!" टॅम्सिन म्हणाली. "ह्या पेटीत आहे. उघडा की!"

पाद्रीबाबा किल्ली लावायला उगाच वेळ काढत होते. जेन्किननं आपली किल्ली केव्हाच लावली होती. पास्कोचा पत्ता नव्हता.

"म्हातारा सकाळपासून गायब आहे," जेन्किन म्हणाला. "जावई जातोय म्हणून कुठंतरी नाचत असेल."

टॅम्सिन धावत बापाला शोधायला गेली. अंमलदार दारातून समुद्राकडे बघत होता. पाणी चढत होतं.

"लोहार, कुलूप तूच केलंस म्हणे. मग उघड ना तूच."

"एका खिळ्यानं उघडेल, साहेब," इव्हॉन म्हणाला. "पण तिघांशिवाय उघडायचं नाही, अशी शपथ झाली आहे."

"शपथ त्यांची. मान तुझी अडकली आहे."

"कुलूप माझं आहे ना, साहेब."

मित्रांनो, माझं लाकूड त्या वेळी कसं घट्ट झालं होतं, काय सांगू? उघडले तर पान कोरं निघणार. नाही उघडले तर तो जाणार. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

अखेर पास्को आला. टॅम्सिननं त्याची बाही धरली होती. तो कुणाकडेही न बघता माझ्यापाशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. झाकण उचललं. अंमलदारानं वही घेतली, त्या सालाचं पान काढलं, बोट वरून खाली नेलं. पुन्हा एकदा नेलं.

"इथं काही नाही."

टॅम्सिननं ते पान स्वतःच्या हातानं चाचपलं. इव्हॉननं निमूटपणे हात पुढे केले, दोरी बांधायला.

"थांबा," पास्को म्हणाला. "लग्न झालंय. मीच लिहू दिलं नाही."

"बाबा!"

"कर बसेल म्हणून भ्यालो. आणि हा मला आवडत नव्हता. पाद्रीबाबांना मी धमकावलं."

अंमलदार हसला. "सासरा जावयासाठी खोटं बोलतो, हे काय मी पहिल्यांदा ऐकतोय?"

"माझ्यावर नका विश्वास ठेवू. झाकणाची आतली बाजू बघा. लग्नाच्या सकाळी ह्यानं आपला हातोडा आणि माझ्या घराण्याचा मासा तिथं कोरलाय. दर रविवारी नोंदी लिहायला पेटी उघडली की ती मला दिसते आणि दर रविवारी मी तोंड फिरवतो."

अंमलदार वाकला. हातोडा, मासा आणि खाली साल. त्यानं त्यावर नख घासून पाहिलं. खाचेत जुना गंज होता. युद्धाच्या चार वर्षं आधीचं साल.

"लोहार राहील," तो शेवटी म्हणाला. "पण राजाचा हुकूम मोडलाय. गाडीत चौथी जागा आहे. म्हाताऱ्या, तुरुंगात चल."

"चलतो. आधी लिहू द्या. लिहिताना तिघं लागतात."

पाद्रीबाबांनी रडत रडत लिहिलं. इव्हॉन, लोहार. टॅम्सिन, पास्कोची मुलगी. पास्कोनं खाली मासा काढला. मग चार वर्षं ज्याला तो 'तो परका' म्हणत आला होता, त्याच्या तळहातावर त्यानं आपली किल्ली ठेवली.

"वंगण घालत जा, जावईबापू. खाऱ्या हवेनं धरतं ते."

तो परत आला नाही. हिवाळ्यात तुरुंगात ताप आला आणि तो गेला. त्याचं दफन लिहायला तिघं जमले, तेव्हा तिसरी किल्ली इव्हॉनच्या हातात होती. पुढे दोन्ही राजांचा समेट झाला. तो कागदही आला, घंटाही वाजल्या. टॅम्सिन घरातून बाहेर पडली नाही.

आता माझं लाकूड किड्यांनी पोखरलंय. तिसरं कुलूप मात्र अजून वळतं. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढं मागायचा हक्क माझ्या म्हातारपणाला आहेच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. आपल्यात आलेल्या माणसाचं नाव आनंदाच्या दिवशीच लिहा. पास्कोनं ते चार वर्षं उशिरा लिहू दिलं, आणि त्याच पानावरचा त्याचा मासा शाई ओली असतानाच पुसटला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी त्यावर पडलं होतं.