श्रीनिवासची सही

मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, मित्रांनो. संगणकाला एकच काम शिकवणाऱ्या सूचनांचा मी गठ्ठा. वेदमंत्रांतल्या अक्षरांवर उभी आणि अक्षरांखाली आडवी रेघ असते. ती पडद्यावर नेमक्या जागी बसवायची, एवढंच माझं काम. रेघ हलली की स्वर चुकतो.

काशीच्या ब्रह्मा घाटावरच्या वेणीमाधवकाकांनी विद्यापीठातली नोकरी सांभाळून मला लिहिलं. अर्धे नियम त्यांचे मित्र श्रीनिवास यांचे. दोघांनी मला फुकट देऊन टाकलं. परवान्यात एकच अट घातली: मला आपल्या कामात जोडून ते लोकांना द्याल, तर आपल्या कामाच्या सूचनाही सगळ्यांसाठी खुल्या ठेवा.

मृणालिनीने मला तिच्या छोट्या कंपनीच्या पाठांतराच्या ॲपमध्ये घेतलं. अट वाचायची राहून गेली. मुलं माझ्यावरून मंत्र शिकली. शाबासकी ॲपला मिळाली, तरी मला सुखच होतं. मग एक मोठी कंपनी ते ॲप विकत घ्यायला आली. तिच्या वकिलांनी सगळ्यांत आधी माझा परवाना वाचला. “ही राहिली तर अख्खं ॲप सगळ्यांना खुलं करावं लागेल. ही लायब्ररी काढा, नाहीतर व्यवहार नाही.”

मृणालिनी धावत काकांकडे आली. “काका, परवान्यातली बस एक लाइन बदलून द्या ना!”

“दिली असती गं. पण अर्धा हक्क श्रीनिवासचा. त्याची सही लागेल.”

“मग त्यांना फोन लावा!”

“तो जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या मागे सही करणारंही कोणी नाही.”

“त्यांचे नियम वगळले तर?”

“रेघा कुठेही पडतील.”

दुसऱ्या दिवशी तिने मला ॲपमधून काढून टाकलं. माझ्या जागी आलेल्या लायब्ररीला मंत्रांचं काही ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने ती पुन्हा आली. अंतरा नावाच्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा निरोप तिने वाचून दाखवला: ‘पोरीने ॲपवर पाहून पाठ केलं. गुरुजींनी सगळ्यांसमोर थांबवलं. आता हे चुकीचं पाठ झालेलं विसरायचं कसं?’

“तिला माझ्याकडे पाठव,” काका म्हणाले. “मी तोंडी सांगतो.”

“काका, अशी चारशे मुलं आहेत.”

मी त्यांच्याच संगणकात धडधाकट होते, पण त्या सहीवाचून ॲपमध्ये परत जाणार कशी?

मित्रांनो, फुकट मिळालेल्या वस्तूसोबतचा कागदही वाचत जा. आणि कुणाला काही विचारायचं असेल, तर तो माणूस आहे तोवर विचारा.