जिथल्या तिथं

बत्तीस वर्षं मी प्रसूतिगृहात नर्स होते. मूल जन्मलं की वजन करायचं, बोटं मोजायची, टाळू चाचपायची, दुपटं गुंडाळण्याआधी खाली एक नजर टाकायची आणि बाहेर ताटकळलेल्यांना ओरडून सांगायचं, "सगळं जिथल्या तिथं आहे हो!" लोक हसायचे. एखादे आजोबा पुन्हा एकदा सांगायला लावायचे.

माझा मुलगा तिथंच झाला. त्याला दुसऱ्या कुणाला तपासू दिलं नाही मी. अंथरुणातूनच त्याच्या बाबांना हाक मारून तेच वाक्य ऐकवलं.

तो चार-पाच वर्षांचा झाला आणि मोरी रोज भिजू लागली. धार सरळ जायचीच नाही. भिंतीवर, पायांवर, चपलांवर.

"डोळे काय कपाळावर ठेवून उभा राहतोस?" म्हणत मी हातात फडकं द्यायची. तो निमूट पुसायचा. एकदाच म्हणाला, "आई, मी नीटच करतो गं."

"हो तर! आपली फरशीच वाकडी आहे!"

शेजारीण खो खो हसली. त्यानंतर तो बोललाच नाही. शाळेत दिवसभर लघवी दाबून धरायचा. सहलीला कधी गेला नाही. सतराव्या वर्षी शिकायला म्हणून लांब गेला, तो लांबच राहिला. बाबा गेले तेव्हा दोन दिवस आला. आता रविवारी फोन करतो. 'जेवलीस का' आणि 'ठेवतो', यांच्यामध्ये फारसं काही नसतं.

मागच्या रविवारी मात्र म्हणाला, "माझ्या पोराला मंगळवारी डॉक्टरांकडे नेलं होतं. लघवीची वाट टोकाला नाहीये, जरा खाली आहे, आणि रुंद, म्हणून धार वाकडी जाते. वरची कातडी पुरी असली की आतलं हे कुणाला दिसत नाही म्हणे. क्वचितच असतं असं. मग मलाही तपासलं. माझंही तसंच." आणि विचारलं, "तू पाहिलं होतंस ना मला?"

कातडी अपुरी असली तर आम्ही एका नजरेत ओळखायचो. पुरी असली तर मागे ओढायची नाही, ही रीत, आणि ती बरोबरच होती. पण पाच वर्षांच्या पोराचं ऐकून घ्यायला कुठली रीत आडवी आली होती?

"पाहिलं होतं, वरवर," मी म्हटलं. "नंतर तू सांगितलंस, तेव्हा ऐकलं नाही. चुकलं माझं."

मग नातवाचं मनात आलं.

"त्याला फरशी पुसायला लावू नकोस रे."

"लावत होतो. मंगळवारपर्यंत," तो म्हणाला. "वाकड्या फरशीचंही ऐकवत होतो. ठेवतो."

आठवडाभर मला वाटत राहिलं, आता फोन येणार नाही.

आज आला. "जेवलीस का?"

"जेवले."

एरवी पुढं 'ठेवतो' यायचं. पण त्याने ठेवला नाही. तिकडे लांबून नातवाचा आवाज आला, "बाबा, थोडं सांडलं!"

"असू दे रे राजा," तो म्हणाला.

इतका मऊ आवाज त्याने कुठून आणला, कोण जाणे. माझ्याकडून तर नाही. मी फोन कानाशी घट्ट धरला. ते मला म्हटलेलं नव्हतं.