कोरडा आस

दौलतरावांची मोटार रिसोडच्या वेशीबाहेर तिसऱ्यांदा बसली, आणि तिच्याबरोबर रहीम मिस्त्रीची अब्रूही बसली. आधी दोनदा त्यानेच मागच्या चाकांचा आस बदलला होता. आता बाजारात जो तो म्हणे, "रहीमचा आस, दोन कोस." दौलतरावांनी सांगूनच टाकलं होतं, या खेपेला शेवटचं; मग मोटारीला बैल जुंपू आणि रहीमने त्यांना नाल ठोकावेत. नाल त्याचा बापही ठोकायचा, त्यात लाज नव्हती. पण मिस्त्री म्हणवून घ्यायला त्याने दहा वर्षं हात काळे केले होते, म्हणून ते बोलणं फार झोंबलं.

इंजिन झकास घुरघुरत होतं, गाडी मात्र जागची हलत नव्हती. रहीमने मागचं चाक उचलून हलवलं. कट्ट. चाक उतरवलं, तर त्याला आसावर पक्कं धरणारी लोखंडी खुंटी कापली गेलेली, आणि तिची खाच चघळल्यासारखी झिजलेली. त्याने बोट फिरवून हुंगलं. एरंडेल!

दौलतरावांच्या घरी दर शनिवारी बैलगाड्यांना वंगण घालायचा रिवाज होता, आणि तो मान मालकांचा. मोटारीला वेगळं कसं वागवायचं? चाकाचं टोपण काढून, नट सैल करून ते तिलाही एरंडेल पाजत होते.

"मालक, बैलगाडीत आस उभा राह्यते, चाक फिरते," रहीम म्हणाला. "इथं दोघं संगंच फिरतेत. तेल लावलं का चाक घसरते, आस झिजते."

"तीन पिढ्यांत कोरड्या आसाची गाडी आमच्या घरून निघाली नाही. तू मले काय शिकवून राह्यला?"

शहाण्याने पुढे बोलू नये. रहीमने नवा आस घासलेटने धुऊन कोरडा केला, खुंटी ठोकली, नट अंगाचं वजन टाकून आवळला. मग आसाभोवतीच्या नळीवर बाहेरून एक झाकणाची डबी डाख देऊन जोडली आणि बुडाला बारीक भोक पाडलं. वंगण यात घाला, टोपण उघडू नका, असं त्याने मालकांना बजावलं. एरंडेल थेंबथेंब रस्त्यावर गळू लागलं.

मोटार तीन वर्षं वाशिमच्या खेपा करत राहिली. दौलतराव चारचौघांत सांगत, "आस रहीमनं तीनदा टाकला. गाडी चालली ते माह्या वंगणानं."

लोक माना डोलवत आणि रहीमकडे बघून हसत. त्याच्या ओठांवर शिवी येई, पण तो ती गिळून टाके. डबीच्या भोकाचं खरं सांगितलं असतं, तर शनिवारी एरंडेल पुन्हा आत गेलं असतं.