पाहुण्यांसमोर आडवं

“आई, आज तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं,” मी सासूबाईंची उशी सारखी करत म्हणाले.

“दीड वर्ष तेच करतेय की. आज काय नवीन?”

“आज माणसं येणार आहेत तुम्हाला बघायला.”

“बघायला? चौऱ्याऐंशीव्या वर्षी? मुलगा बरा असला तर हो म्हणून टाक, नीवेस.”

दारात उभा असलेला माझा नवरा, अमान्सियो, हसला नाही. माणसं कोण ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तो बावीस वर्षं सारागोसा शहरभर लोकांच्या घरात फरश्या बसवत होता. बांधकामं बंद पडली, मग हप्ते थकले आणि बँकेनं घराचा ताबा मागितला. दोनदा कोर्टाची माणसं जिन्यावरूनच परत गेली होती, कारण घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे असा डॉक्टरचा दाखला होता. मग बँकेच्या वकिलानं तक्रार केली, कागदावर काय, कोणीही अंथरुणाला खिळतं. म्हणून आज कोर्टाची बाई स्वतः येऊन बघणार होती. खरं निघालं तर दोन वर्षांची मुदत मिळणार होती. खोटं निघालं तर कुलूपवाला सोबत असणारच होता.

दाखला खोटा नव्हता. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाईंना मोरीपर्यंत न्यायलाही आम्ही दोघं लागायचो. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

पण घर जातंय हे त्यांना सांगितलं नव्हतं. गावाकडची बदामाची बाग विकून त्यांनीच आम्हाला हे घर घ्यायला पैसे दिले होते. अमान्सियोला बायकोसमोर रडायची लाज वाटत नसे, आईसमोर खरं बोलायची वाटे.

“कुठली माणसं रे?” त्यांनी त्याला विचारलं.

“दवाखान्यातली.”

“मग कॉफी टाका. बडीशेपेची बिस्किटं काढा.”

“त्यांना काही नको असतं, आई.”

“नको म्हणतातच पाहुणे. आणि त्यांच्यासमोर मी अशी लोळत पडू? आपल्या गावात आडवं पडून पाहुण्यांना भेटतं ते फक्त प्रेत.”

“मग आज प्रेत हो!” अमान्सियो खेकसला. “अर्धा तास प्रेत हो!”

त्यांनी डोळे मिटून घेतले. बरं झालं, असंच मला तेव्हा वाटलं.

दहा वाजता खालची घंटा वाजली. जिन्यात शेजारीपाजारी जमले होते, त्यांनी भांडण काढू नये म्हणून आम्ही दोघंही खाली धावलो. त्यांची समजूत घालण्यात वीसेक मिनिटं गेली. फाईल घेतलेली कोर्टाची बाई, वकील, दोन पोलीस आणि पेटीवाला कुलूपवाला अशी वरात घेऊन वर आलो आणि दार ढकललं.

सासूबाई बैठकीत उभ्या होत्या. काळा चांगला पोशाख, पायांत बूट, केस चापून बसवलेले. एक हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि वरच्या ओठावर घाम होता.

“या, या. दारात का थांबलात?” त्यांनी बिस्किटांची बशी उचलली आणि वकिलाकडे चालत गेल्या. चार पावलं. दीड वर्षात मी त्यांचं एक पाऊल पाहिलं नव्हतं.

“तब्येत छान आहे की, आजी,” वकील बिस्किट घेत म्हणाला. “रोज चालता?”

“आई!” अमान्सियो ओरडला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “पोरांना वाटतं म्हातारी संपली. रोज चालते. बाजारातून भाजीसुद्धा आणते.”

बाईनं लिहून घेतलं.

“अहो, खोटं बोलतायत त्या! नुसती मिजास आहे!” मी तिचा हात धरला.

“मला जे दिसलं तेच लिहावं लागतं, बाई.” तिनं हात सोडवून घेतला. “सामान काढायला तासभर देते.”

कुलूपवाला दाराशी गुडघे टेकून बसला.

“हा काय करतोय तिथं?” सासूबाईंनी विचारलं. अमान्सियो भिंतीकडे तोंड करून उभा होता, म्हणून मीच सांगितलं. हळू सांगता आलं असतं. मला तसं सांगायचं नव्हतं.

“आपलं घर गेलं, आई. तुम्ही चाललात म्हणून गेलं.”

पोलिसांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं आणि फुटपाथवर गाद्यांशेजारी ठेवलं. कोर्टाची बाई गाडीकडे निघाली तशा त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागल्या. पाय हललेच नाहीत.

“अहो बाई! बघा ना, मला उठता येत नाहीये!”

गाडी गेली. मग रस्त्यावरून जाईल त्याला त्या तेच सांगू लागल्या. “बघा हो, मला चालता येत नाही. खरंच येत नाही.” मी त्यांना गप्प केलं नाही.

लोक खाली मान घालून पुढे जात होते. एक बाई मात्र थांबली. तिनं पर्स उघडली आणि त्यांच्या मांडीवर एक युरो ठेवला. सासूबाईंनी सवयीनं तिचे आभार मानले.